बेटावरची राखण

केडगावच्या फ्लॅटला कुलूप लावताना रंभाजीचे हात अडखळले. लग्नानंतर सबंध आयुष्यात त्याने घर कधी बंद केलंच नव्हतं. धरणाच्या पाण्यातल्या त्या इवल्याशा बेटावर गाई होत्या, कोंबड्या होत्या, टरबुजाचे वेल होते. एकजण दूध घेऊन होडीने काठाला गेला, की दुसऱ्याने राखणीला थांबायचं. लग्न असो की मयत, नवराबायको जोडीने कुठे गेलेच नाहीत. आता गुडघे धरले, गाई विकल्या, लेकाने इथे आणलं. त्याची बायको ठकूबाई भाजीची पिशवी घेऊन जिन्यात पोचली होती. "थांब गं, मीबी येतो," तो हौसेने म्हणाला. "आता मागं राखायला हाय तरी काय?" ती हसली नाही, वळलीही नाही. "माझी आई गेली, तवा मातीला एकलीच गेल्ते मी. तुमी म्हनले, गाय व्यायला झालीय, जा तू. आता मेथीच्या जुडीला सोबत कशाला?"