दुकानात न बोलायचा शब्द

"आज वेबसाइटचं टायटल बदलल्याशिवाय मी इथून हलणार नाही," धाकटीने जाहीर केलं. कातड्याचे तुकडे कोपराने बाजूला सारून तिने लॅपटॉप थेट बाबांच्या कामाच्या फळीवर ठेवला.

बाबांनी हातातली कातडं कापायची रापी काही खाली ठेवली नाही. ज्यांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो, त्यांच्यासाठी बूट करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. आणि या चाळीस वर्षांत 'आखूड' हा शब्द त्यांनी दुकानात कुणाला उच्चारू दिला नव्हता. माप घेताना नजर टेपवर ठेवायची आणि म्हणायचं, "या बाजूला जरा उंची देऊ." बस्स. आलेल्या माणसाला कानकोंडं वाटता कामा नये. पाटीवरही नुसतं 'खास पादत्राणे', आणि वेबसाइटवर तेच.

हॉस्पिटलातले म्हातारे डॉक्टर चिठ्ठी देऊन माणसं पाठवत होते तोवर सगळं ठीक चाललं. चार महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले आणि तेव्हापासून एकही नवा माणूस दुकानात फिरकला नव्हता. सध्या हातात होता तो जोड शेवटचा, त्यानंतर कुलूप, असं बाबांनी ठरवूनच टाकलं होतं. धाकटीला ते मुळीच मान्य नव्हतं. बारा वर्षं बोटांना आरी टोचून घेऊन ती हे काम शिकली होती, ती काय कुलूप लावायला?

"हे बघा." तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "सर्च केलं की आपण असे दिसतो. वरची ठळक ओळ म्हणजे टायटल. 'खास पादत्राणे, आपले स्वागत असो.' आणि खालच्या दोन ओळींत काय, तर 'चार दशकांची परंपरा, गुणवत्तेचा ध्यास.' आता यावरून कुणाला काय डोंबल कळणार?"

"समजणाऱ्याला समजतं."

"हो तर! गेल्या महिन्यात तीन जणांना समजलं, त्यांचे फोन आले. दोघांना लग्नात घालायला चकचकीत बूट हवे होते आणि एका नाटकवाल्याला राक्षसाचे!"

बाबांना हसू आलं. ते लपवायला ते उगाच फळीखाली वाकून काहीतरी शोधू लागले. पण हट्ट सोडतील तर ते बाबा कसले! "मग 'विशेष गरजांसाठी' असं लिही. बरं दिसतं."

"बरं दिसतं, पण असं शोधतं कोण? अहो, माणूस अडला की त्याला जे होतंय तेच टाइप करतो."

"तुला काय ठाऊक? तुझे दोन्ही पाय सारखे आहेत."

हे मात्र तिला लागलं. पण लॅपटॉप तिने मिटला नाही.

तेवढ्यात वाचनालयातल्या बाई आपला जोड न्यायला आल्या. डॉक्टरांनी जाता जाता पाठवलेल्या त्या शेवटच्या. बाबांनी तळावरून एकदा फडकं फिरवलं आणि बूट त्यांच्या पुढ्यात ठेवले. बाईंनी ते घातले, दारापर्यंत गेल्या, परत आल्या. मग पुन्हा गेल्या. या वेळी त्यांनी भिंतीला हात लावला नाही.

धाकटीने धीर केला. "बाई, एक विचारू? डॉक्टर भेटलेच नसते, तर आमच्यासारखं दुकान शोधायला तुम्ही काय टाइप केलं असतं?"

"अगं ए!" बाबा कडाडले. "असलं विचारतात का गिऱ्हाइकाला? माफ करा हं बाई, हिला काही पोच नाही."

बाईंनी मात्र खुर्ची ओढली आणि लॅपटॉप पुढ्यात घेतला. दिवसभर पुस्तकांच्या नोंदी करणारी त्यांची बोटं झरझर चालली. 'एक पाय आखूड बूट कुठे मिळतील.' खाली भली मोठी यादी आली. बाईंनी पहिलं पान सरकवलं, दुसरं सरकवलं, तिसरंही.

"नाही आहात तुम्ही," त्या म्हणाल्या. "आणि 'केलं असतं' काय? करतच होते की. अकरा वर्षं."

"अकरा?" बाबांच्या तोंडून निघून गेलं. "मग इतके दिवस काय घालत होतात?"

"चपलेखाली पुठ्ठा चिकटवायचे. रस्ता ओला असला की तो सुटायचा. मग त्या दिवशी रजा."

"आम्ही फार लांब पडलो असू तुम्हाला," बाबा समजुतीने म्हणाले. "राहता कुठे?"

"इथेच, मागच्या गल्लीत. माझ्या खिडकीतून तुमची पाटी दिसते, काका. मला वाटायचं, 'खास' म्हणजे पैसेवाल्यांचं दुकान असेल."

बाबांचा चेहरा एकदम उतरला. ते बाईंच्या नव्या बुटांकडे बघत राहिले, मग खिडकीबाहेर, मग पुन्हा बुटांकडे. चाळीस वर्षं आपण माणसांना जपतोय, अशीच त्यांची समजूत होती.

त्यांनी रापी खाली ठेवली, हात पुसले आणि स्टूल लॅपटॉपजवळ ओढलं.

"वरच्या ओळीत किती अक्षरं मावतात?"

"साठेक," धाकटी म्हणाली. "पुढचं दिसत नाही, कापलं जातं."

"बाईंनी लिहिलंय तेच सुरुवातीला घे. जसंच्या तसं."

धाकटीने ते लिहिलं. "आणि आपलं नाव?"

"शेवटी टाक," बाबा म्हणाले. "कापलं गेलं तर जाऊ दे."