पंधरा पिना

"सर, पक्कड कशाला? मध्ये काही जोडता येत नाही का?" मैत्रिणींनी पैज लावून उठवलेल्या उज्ज्वलाने भर वर्गात विचारलं. नव्या मॉनिटरच्या प्लगला पंधरा पिना, शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरला नऊच भोकं. सर जास्तीच्या पिना मोडायला निघाले होते. ते वरमले. सुरतेच्या बाजारातून दोन्हींना जुळणारा अडाप्टर आणला, आणि पडदा उजळला!

संध्याकाळी उज्ज्वलाच्या घरी, नवागाम वस्तीतल्या खोलीत चहा संपवून धुळ्याचे पाहुणे म्हणाले, "पोरगी पसंत आहे. पण आमचा मुलगा सातवी शिकलेला. हिची दहावी राहू द्या, शाळा आताच बंद करा, म्हणजे जोडा जुळेल." तिच्या वडिलांची, आप्पांची मान होकारार्थी हललीसुद्धा.



उज्ज्वला दारातूनच कडाडली, "आई, आप्पा, माझी शाळा मोडायची नाही. अडाप्टर हवा तर त्याला लावा, मी कॉलेजला जाणार!"