मागे उरलेला

बंदरावरच्या कचेरीच्या खिडकीतून खोतबाई बघत होत्या. बाहेर सुधन्वा भडसावळे आपल्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवत होता. बॉनेटवर हळदकुंकू होतं, वर झेंडूचा हार. गाडी बोटीने कॅनडाला जाणार होती. इथे स्कॅन करून तिची तिकडे हुबेहूब प्रत काढून घेणं त्याला कमीपणाचं वाटत होतं.

"कॉपीला ओरिजिनलची सर नाही हो, मॅडम," खिडकीशी येत तो म्हणाला.

कुत्र्यासाठी मात्र कॉपी चालली होती. सकाळी स्कॅन केलेल्या बंड्याची प्रत कॅनडातल्या नव्या घरात सोफा कुरतडत होती आणि मूळ बंड्या इथे त्याचे बूट चाटत होता. बाईंनी फॉर्म सरकवला. इथे उरलेल्या मूळ बंड्याचं काय करायचं, सांभाळायचा की नष्ट करायचा? 'नष्ट'वर खूण करताना सुधन्वासाहेबांचं लक्ष गाडीवरच्या हाराकडे होतं. तो जरा वाकडा झाला होता.

"सकाळी तुम्हीही स्कॅन झालात ना?" बाईंनी विचारलं.

"हो, तिकडे पोचलोसुद्धा. इथे मी फक्त गाडी चढवायला थांबलोय. ड्रायव्हर लोकांचा काय भरवसा!"

बाईंनी दुसरा फॉर्म काढला. तो कॅनडाहून भरून आला होता. खाली सही सुधन्वाचीच होती, खूण 'नष्ट'वर होती आणि शेजारी त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'गाडी नीट चढल्यावर.'

"अहो, पण मी इथे जिवंत उभा आहे!"

"बंड्याही उभाच आहे की," बाई म्हणाल्या.