वर, डावीकडे

नकाशे काढण्यात हयात गेलेल्या बाबांचा हल्ली रोज लेकीला फोन यायचा. "अगं, हे प्रिंट कुठे गेलं?"

"वर डावीकडे 'फाइल' आहे ना, त्यात बघा."

"तुझ्यात असेल. माझ्या कॉम्प्युटरची सिस्टिमच वेगळी, यात सगळं भलतीकडे असतं."

तिलाही ते पटायचं. नव्या मेनूत भल्याभल्यांची भंबेरी उडते, मग बाबांना कशाला बोल लावायचा?

सुट्टीत घरी आल्यावर ती त्यांच्या कॉम्प्युटरपुढे बसली.

'फाइल' वर डावीकडेच होतं. तिथेच स्क्रीनच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर नकाशातल्यासारखा रेखीव बाण होता आणि खाली बाबांचं अक्षर: "प्रिंट यात आहे. पोरीला पुन्हा विचारू नये, विसरायला होतंय हे तिच्या लक्षात येईल."