अंतरपाटाआडचा आकडा

अंतरपाट धरायच्या आधी नवरीनं, ऋजुतानं, आपला फोन गोदाक्का आजीच्या हातात कोंबला. परदेशातल्या प्रयोगशाळेत ऋजुताचे सोबती आज शेवटचं मोजमाप घेत होते. क्ष-किरणांच्या लेसरचा एक झोत, सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही छोटा, नेमका किती वेळ टिकतो? आकडा आला तर जमलं, नाहीतर तिची पाच वर्षं पाण्यात.

गोदाक्कांची शाळा दुसरीतच सुटलेली, पण आकडे त्यांना कोणी शिकवायला नको होते. पाचव्या मंगलाष्टकाला फोन थरथरला. पडद्यावर एकच आकडा होता, सात.

नवरी पडल्या चेहऱ्यानं उभी होती. गोदाक्कांनी मंगलाष्टकं गाणाऱ्या विहीणबाईंच्या हातातला माईक काढून घेतला. "तुमचं पुष्कळ झालं. आता माझं ऐका." आणि खड्या आवाजात म्हटलं, "आला सात, तुझा प्रयोग जमला, कुर्यात् सदा मंगलम्."

अंतरपाटाआडून नवरीचं खदखदून हसू फुटलं.

"आजी, मुहूर्त टळतोय," गुरुजी कुरकुरले.

"कसा टळेल? एका सेकंदाचे कोटी कोटी तुकडे करते आमची पोर. त्यातले दोन-चार घ्या मागून," म्हणत गोदाक्कांनी स्वतःच अंतरपाट खाली ओढला.