आईची मान

आईच्या संमतीशिवाय या घरात पानही हललं नाही, असं थोरल्याने शोकसभेत सांगितलं. "ब्याण्णव वर्षं जगली, पण कुणाच्या आड आली नाही!"

ते खरंच होतं. तोंडाने हो-नाही म्हणायची आईची रीत नव्हती. समोर बसायचं, विचारायचं आणि मानेकडे बघायचं. थोरल्याने दुकान काढू का विचारलं, मान डोलली. मधल्याने वेगळं राहू का विचारलं, डोलली. महिन्याभरात परत येऊ का विचारलं, तेव्हाही डोलली.

फक्त धाकटीने ऑफिसातल्या एकाशी लग्न करू का म्हणून विचारलं, तेव्हा मान हलली नाही. धाकटीने चहा गार होईपर्यंत वाट पाहिली, मग कपबशा उचलल्या आणि त्याला नकार कळवला. त्यानंतर आईला काही विचारायची कुणाची छाती झाली नाही.

सभा संपल्यावर घरचे म्हातारे डॉक्टर धाकटीजवळ येऊन बसले.

"सोशीक बाई हो! मानेच्या त्या कंपाबद्दलही कधी तक्रार नाही."

"कसला कंप?"

"अगं, मान डोलायची ना सारखी! कुणी समोर येऊन बसलं की जास्तच. शेवटी मी गोळी सुरू केली."

"कधी?"

"तुझ्या लग्नाचं काहीतरी घाटत होतं बघ, त्याच आठवड्यात."

धाकटी त्यांच्याकडे वळली. "गुण लगेच आला?"

डॉक्टरांचा चेहरा खुलला.

"दुसऱ्याच दिवशी."