दर्याचा घास

हिराचं बारसं झालं त्या वर्षी, पंचेचाळीस साली, तिचा बाप धाकू कोळी बंगालच्या विमानतळावर बाँबर विमानांत पाणसुरुंग चढवत होता. महायुद्ध चालू होतं; विमानं ते रात्री जपानी शत्रूच्या बंदरांत टाकत. "आधी दर्याला नारळ, मग तुमचं लोखंड," म्हणत तो गोऱ्या वैमानिकाच्या हाती नारळ द्यायचाच.

एकदा उन्हं चढली तरी विमान येईना. धाकूनं पाणीसुद्धा घेतलं नाही. अखेर ते उतरलं. वैमानिक मान खाली घालून म्हणाला, "धाकू, वादळात भरकटलो. भूक लागली. तुझा नारळ मशीनगनीवर फोडून आम्हीच खाल्ला."

"दर्याचा घास गिळलात, मेल्यांनो!" धाकू कडाडला आणि लगेच हसत सुटला. "पण त्यानं जेवू घालूनच धाडलं की तुम्हांला!"

पुढच्या फेरीला त्यानं दोन नारळ दिले.

वैमानिक म्हातारा होऊन, एकोणऐंशी साली, अंथरुणात वारला. धाकू त्यानंतर दोन वर्षांनी, नारळी पौर्णिमेला.